परत आलेला प्रबंध

भिलाईच्या मोहन नगरातून बोलतोय. आज एका प्रबंधाची गोष्ट सांगायची आहे. तो लंडनमध्ये लिहिला गेला, परीक्षकांकडून परत आला, मुंबईहून पुन्हा धाडला गेला आणि मग मान्य झाला. लिहिणारे भीमराव रामजी आंबेडकर. प्रबंधाचं नाव 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', म्हणजे 'रुपयाचा प्रश्न'.

विषय निवडण्यामागे कारण आहे. आमच्या भागातल्या एका मुलीचा पीएच.डी.चा प्रबंध गेल्या पावसाळ्यात दुरुस्तीसाठी परत आला. विद्यापीठ कुठलं ते सोडा. एका परीक्षकाला तो पसंत पडला, दुसऱ्याने चार पानं शेरे लिहून 'सुधारून पुन्हा सादर करावा' असं कळवलं. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं, अशा पाच प्रती घरात तशाच पडून. तिचे वडील मला म्हणाले, "सर, परत आला म्हणजे नापासच ना हो?" मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. त्यांना त्या दिवशी चहा पिता पिता जे तुटक तुटक सांगितलं, तेच आज जरा नीट सांगतो.

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या लोकांना तोंडपाठ असतात. १४ एप्रिलच्या फलकांवर त्या ओळीने लिहिलेल्या असतात: एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. आगगाडीचे डबे लागावेत तशा एकामागून एक. पण तारखा बघितल्या की हे डबे मागेपुढे होतात. कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच.डी.चं काम १९१६ मध्ये झालं आणि ती पदवी रीतसर मिळाली १९२७ मध्ये. लंडनची डी.एस्सी. मात्र १९२३ मध्येच पदरात पडली होती. मधल्या अकरा वर्षांत काय चाललं होतं, ते फलकावर मावत नाही.

सुरुवात बडोद्यापासून करू. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. जून १९१३ मध्ये करारावर सही झाली. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, ही अट होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. तिथे एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे मोठे अभ्यासक त्यांना गुरू म्हणून लाभले. १९१५ मध्ये एम.ए. झालं. जून १९१६ मध्ये 'नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया' हा प्रबंध त्यांनी विद्यापीठाला दिला.

मग पदवी का नाही मिळाली? त्या काळी कोलंबियाचा नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय डॉक्टरेट बहाल होत नसे. काम पसंत पडणं ही एक गोष्ट, पदवी हातात येणं ही दुसरी. छपाईचा खर्च विद्यार्थ्याचा. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवणाऱ्या, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडून पोटाला चिमटा काढत पुस्तकं जमवणाऱ्या विद्यार्थ्याजवळ छपाईला पैसे कुठून येणार? आजच्या मुलांना प्रबंध 'शोधगंगा'वर चढवायचा असतो, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पार करायचा असतो. त्याचीही डोकेदुखी असते, मी बघतो. पण छापखान्याचं बिल भरेपर्यंत पदवी अडून राहायची, तो जाच वेगळाच.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू केला. वर्ष होत नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली, एवढाच काय तो आधार. महायुद्ध चालू होतं. पुस्तकं आणि सामान त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवलं आणि जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बोट बुडवली. स्वतः दुसऱ्या बोटीत होते म्हणून वाचले. ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला पोचले, तेव्हा बडोद्याला जायच्या खर्चाचीही पंचाईत होती. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून ती सोय झाली. जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी आणि त्यांच्या पैशातून बडोद्याचं तिकीट!

बडोद्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. राहायला जागा नाही, पाणी मिळेना, शिपाई लांबून फायली फेकायचे, आणि शेवटी पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. त्यावर त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं आहे, म्हणून इथे थांबत नाही. मला त्यानंतरच्या तीन वर्षांबद्दल बोलायचं आहे, कारण अर्धवट राहिलेला प्रबंध मनात घेऊन जगणं म्हणजे काय, ते या तीन वर्षांत दिसतं. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पगार चांगला होता. बायकोमुलांचं घर होतं, 'मूकनायक' सुरू झालं होतं, माणगावची परिषद झाली होती. कुणीही म्हटलं असतं की आता पुरे झालं शिक्षण. पण चार वर्षांची मुदत संपत आली होती. साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये, एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. मागे परळच्या चाळीत रमाबाई होत्या. त्यांनी ती वर्षं कशी काढली, याचा वेगळा प्रबंध व्हायला हवा.

लंडनच्या कागदपत्रांत एक गमतीचा तपशील सापडतो. सेलिग्मन यांनी आंबेडकरांची ओळख करून देणारं पत्र प्रा. फॉक्सवेल यांना पाठवलं होतं. त्यावरून फॉक्सवेल यांनी नोव्हेंबर १९२० मध्ये एलएसईच्या सचिवांना लिहिलं. मतितार्थ असा, की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच घेतली आहे आणि जिंकायला इथे आता त्यांच्यासाठी काही उरलेलं नाही. ज्या डॉक्टरेटचा कागद हातात यायला अजून सात वर्षं होती, ती इथे झाली म्हणून धरली गेली होती! आंबेडकरांनी अर्थातच ऐकलं नाही. त्यांनी फी भरली आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.

दिनक्रम कडक होता. सकाळी ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडलं की आत, बंद झालं की बाहेर. शिवाय इंडिया ऑफिसचं ग्रंथालय. जेवणाचे हाल होते, घरमालकीण हाताला आखडती. धनंजय कीरांच्या चरित्रात एक तपशील आहे तो मला फार आवडतो. ओळखीच्या एका माणसाने त्यांना पापडांची चळत दिली होती. रात्री भूक लागली की बोव्हरिलचा पेला करायचा, चार पापड भाजायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. त्याचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकेंद्रीकरणावर होता. मग हाती घेतला रुपया.

आता हा रुपयाचा प्रश्न काय होता, ते थोडं खोलात जाऊन बघू. कंटाळू नका. प्रबंध परत का आला आणि का टिकला, हे त्याशिवाय कळणार नाही.

१८३५ पासून आपला रुपया चांदीचा होता, वजन १८० ग्रेन. कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत. १८७० नंतर युरोपातले देश सोन्याच्या चलनाकडे वळले, चांदी स्वस्त झाली आणि तिच्याबरोबर रुपया घसरला. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. इंग्रज सरकारला निवृत्तिवेतनं, कर्जावरचं व्याज, लंडनच्या कचेरीचा खर्च हे सगळं पौंडात भरावं लागायचं. तेवढ्याच पौंडांना जास्त रुपये लागू लागले. म्हणून १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी लोकांसाठी बंद केल्या. आता रुपया किती पाडायचा ते सरकार ठरवणार. पुढे १ शिलिंग ४ पेन्स हा दर ठरला आणि देशात चांदीचे रुपये चालवून लंडनमध्ये त्यांचा पौंडातला भाव सांभाळायचा, अशी पद्धत रूढ झाली. तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीची वाखाणणी केली होती. तेव्हा ते तिशीत होते, पण त्यांच्या शब्दाला वजन होतं.

त्यात महायुद्ध आलं. चांदी कडाडली, रुपया दोन शिलिंगांच्याही वर गेला, १९१९ मध्ये समिती बसली, तिने दोन शिलिंगांचा दर सुचवला आणि १९२० मध्ये तो दर टिकवताना सरकारने हात पोळून घेतले. म्हणजे आंबेडकर ज्यावर लिहीत होते तो विषय रोज वर्तमानपत्रात येत होता. असा विषय प्रबंधासाठी घेणं धाडसाचंच. मी माझ्या विद्यार्थ्यांना सहसा घेऊ देत नसे.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. रुपयाची किंमत शिलिंगात मोजायची की धान्य-कापडात? सरकार लंडनमधला भाव स्थिर ठेवतं म्हणून रुपया स्थिर आहे असं सांगतं. पण देशात रुपये किती पाडायचे यावर सरकारला लगाम नाही. मन मानेल तेवढे पाडता येतात, आणि तसे पाडले की महागाई वाढते. महागाईत भरडला जातो ठरलेल्या मजुरीवर जगणारा माणूस. भिलाईत हे समजावून सांगावं लागत नाही. प्लांटमध्ये नोकरी केलेल्या प्रत्येक घरात महागाई भत्त्याचा हिशोब होतो. आंबेडकरांचा उपाय रोखठोक होता: रुपये पाडणं सरकारलाही बंद करा, त्यांची संख्या कायमची ठरवून टाका आणि मोठ्या व्यवहारांना सोन्याचं नाणं चालू द्या. केन्सची बाजू खोडायची आणि सरकारच्या हातातली टाकसाळ काढून घ्यायची, ही दोन्ही कामं एकाच प्रबंधात!

आणि तो प्रबंध परत आला.

इथे मला थांबून नीट बोललं पाहिजे. आपल्याकडे प्रचलित हकीकत अशी आहे की प्रबंध ब्रिटिश राजवटीवर कोरडे ओढणारा होता, म्हणून इंग्रज परीक्षक चिडले आणि त्यांनी तो पुन्हा लिहायला लावला. कीरांनीही ती दिली आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध दिला, असं ते लिहितात. एलएसईच्या अभिलेखागाराने जुन्या विद्यार्थी-फाइलवरून जी माहिती प्रसिद्ध केली आहे ती जरा वेगळी आहे. तीत सादर केल्याची नोंद मार्च १९२३ ची आहे, प्रबंध स्वीकारण्याची शिफारस झाली नाही एवढं आहे, आणि तो फार क्रांतिकारक किंवा ब्रिटिशविरोधी म्हणून नाकारला याची खूण फाइलमध्ये सापडत नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे.

मग काय मानायचं? फाइलमध्ये नाही म्हणून झालंच नाही, असं मी म्हणणार नाही. परीक्षक मनातला राग फाइलवर लिहीत नसतात. पण दुसऱ्या बाजूचा एक भक्कम पुरावा आहे. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी छापील पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. कॅनन म्हणजे ॲडम स्मिथच्या ग्रंथाची प्रमाण आवृत्ती सिद्ध करणारे नाणावलेले अर्थशास्त्रज्ञ. त्या प्रस्तावनेत ते मोकळेपणाने सांगतात की विनिमय पद्धतीला असलेला आंबेडकरांचा विरोध त्यांना मान्य नाही, त्यांचे बहुतेक मुद्देही पटत नाहीत, तरीही या लेखनातला ताजेपणा त्यांना विचार करायला लावतो. आंबेडकरांनी आपल्या निवेदनात कॅनन यांचे आभार मानले आहेत, ते त्यांनी सैद्धांतिक भागाची कठोर तपासणी करून अनेक चुकांपासून वाचवलं म्हणून. माझं मत असं आहे की या दोघांमधलं भांडण अर्थशास्त्राचं होतं आणि ते दोघांनी सभ्यपणे केलं. मार्गदर्शकाला निष्कर्ष पटत नाही आणि तरी तो पाठीशी उभा राहतो, असं चित्र आपल्या विद्यापीठांत मी फार थोड्या वेळा बघितलं.

याच्या उलट चित्र बघायचं तर पाच-सात वर्षं पुढे बर्लिनला जावं लागेल. इरावती कर्वे तिथल्या मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्याकडे प्रबंध करत होत्या. हे फिशर वंशश्रेष्ठत्वाचे मोठे पुरस्कर्ते. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या ठेवणीत, उजव्या-डाव्या बाजूच्या फरकात, त्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व दिसतं अशी त्यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की असा फरक सगळ्याच माणसांत असतो, वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाच्या तोंडावर त्याचा सिद्धांत खोडणारा प्रबंध! पदवी मिळाली, गुण मात्र हात आखडून मिळाले. परदेशातली पंचविशीतली मुलगी, समोर संस्थेचा प्रमुख, आणि मोजपट्टीने जे दाखवलं तेच तिने कागदावर ठेवलं. कुठल्याही प्रस्तावनेत फिशर यांनी ताजेपणाचं कौतुक केलेलं नाही.

परत लंडनच्या प्रबंधाकडे येऊ. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये आंबेडकर मुंबईला परतले. आता दुरुस्ती करायची ती मुंबईत. सोबत ब्रिटिश म्युझियम नाही, इंडिया ऑफिसचं ग्रंथालय नाही, मार्गदर्शक समुद्रापार आणि टपाल बोटीने जायचं. त्याच महिन्यांत उच्च न्यायालयात वकिलीची खटपट सुरू, घरचा खर्च अंगावर, समाजाचं काम दारात उभं. अशात ऑगस्ट १९२३ मध्ये सुधारलेला प्रबंध पुन्हा सादर झाला. मूळ निष्कर्ष त्यांनी सोडले नाहीत. मांडणीत फेरफार केला, पण रुपये पाडण्यावर लगाम हवा ही मागणी जागच्या जागी राहिली. छापील पुस्तक उघडून कुणीही बघावं.

योगायोग असा की त्याच ऑगस्टमध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. आमचा दुर्ग जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि आमची राजधानी नागपूर. इकडच्या मुलांना जवळच्या गावी परीक्षा देता यावी याची सोय त्या महिन्यात होत होती, तेव्हा आंबेडकर बोटीने गेलेल्या प्रबंधाच्या उत्तराची वाट बघत होते.

नोव्हेंबरमध्ये उत्तर आलं. प्रबंध मान्य, डी.एस्सी. मिळाली. डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी तो पुस्तकरूपाने काढला. पुस्तक आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे.

दोन वर्षांनी हिल्टन यंग आयोग भारताच्या चलनाची चौकशी करायला आला. १५ डिसेंबर १९२५ ला आंबेडकरांनी त्याच्यासमोर साक्ष दिली. या प्रसंगावरून 'रिझर्व्ह बँक याच पुस्तकावरून स्थापन झाली' असं एक वाक्य मोबाइलवर दर वर्षी फिरतं. मला ते पटत नाही, आणि ऐकणाऱ्यांपैकी काहींना हे आवडणार नाही, तरी सांगतो. आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, कायदा १९३४ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली, हे खरं. पण मध्यवर्ती बँकेची कल्पना त्याआधीपासून चर्चेत होती. केन्स यांनीही युद्धापूर्वीच तिचा आराखडा केला होता. शिवाय आयोगाने जे चलन सुचवलं ते आंबेडकरांच्या उपायापेक्षा निराळं होतं. त्यांचं म्हणणं वेगळं आणि जास्त टोकदार होतं: चलन काढण्याचा अमर्याद अधिकार सरकारकडे नको. ते विसरून रिझर्व्ह बँकेचं श्रेय चिकटवलं की त्यांचा मूळ मुद्दाच वाचायचा राहून जातो.

आणि कोलंबियाची ती अडकलेली पदवी? १९२५ मध्ये पी. एस. किंग यांनीच 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' छापलं. अर्पण सयाजीरावांना, प्रस्तावना सेलिग्मन यांची. १९१६ चाच प्रबंध वाढवून हे पुस्तक झालं असं कीर सांगतात. पुढच्या काही अभ्यासकांना मात्र हे दोन वेगळे प्रबंध वाटतात. काहीही असो, छापील प्रती कोलंबियाला पोचल्या आणि जून १९२७ मध्ये पीएच.डी. रीतसर बहाल झाली. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन झालं होतं. त्या गर्दीतल्या कुणालाही आपल्या पुढाऱ्याचा अमेरिकेतला कागद अजून यायचा आहे, याची कल्पना नसणार.

'रुपयाच्या प्रश्ना'ची दुसरी आवृत्ती १९४७ मध्ये मुंबईच्या थॅकर कंपनीने काढली. नाव बदललं होतं: 'हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग', खंड पहिला. १९२३ नंतरच्या चलनाचा इतिहास दुसऱ्या खंडात द्यायचा त्यांचा बेत होता. ऑगस्टमध्ये ते कायदामंत्री झाले, लगोलग घटनेच्या मसुद्याचं काम आलं. दुसरा खंड लिहायचा राहिला.